मुंजाभाऊंचं इरजण

मुंजाभाऊंसमोर ‘फुकट’ हा शब्द काढायची सोय नव्हती. एकदा मी सहज बोलून गेले, “बरं झालं बाई, तुमची ही फुकटची फ्लॉपी आहे म्हणून आमचं चाललंय.” झालं! हातातला चहाचा कप त्यांनी टेबलावर ठेवून दिला.

“फुकट म्हणू नका बाई. फुकट म्हंजे वाया. मेहनत फुकट गेली म्हणत्यात, जन्म फुकट गेला म्हणत्यात. माझी चीज वाया गेली का?”

“मग काय म्हणू? मोफत?”

“इरजण म्हणा.”

विरजणाला आमच्याकडं इरजण म्हणतात. घरातलं संपलं, नासलं, की वाटी घेऊन शेजारी जायचं. शेजारीण चमचाभर दही घालते. त्याचे पैसे कुणी घेत नाही आणि ते परतही कुणी मागत नाही. देणारीचं काही कमी होत नाही, घेणारीचं सकाळपर्यंत भांडंभर दही लागतं. मुंजाभाऊंनी स्वतः लिहिलेले संगणकाचे प्रोग्रॅम ज्या फ्लॉपीवर घालून मागेल त्याला वाटले, तिच्यावर निळ्या शाईनं हाच एक शब्द लिहिलेला असायचा.

हे विद्यापीठाच्या नामांतराच्या धामधुमीतल्या शेवटच्या वर्षांतलं. सेलूच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल होते. कॉलेजात पहिला संगणक आला तो माझ्या वाचनालयाचा कोपरा गिळून. मशिनीला थंडावा लागतो असं कुणीतरी प्राचार्यांच्या कानात घातलं, आणि अख्ख्या इमारतीत थंड जागा एकच, माझी. मासिकांच्या दोन मांडण्या हलवल्या तेव्हा मी चांगली तणतणले. कुणी ऐकलं नाही. मशिनीपाठोपाठ ती सांभाळायला मुंजाभाऊ आले. होते ते भौतिकशास्त्राचे प्रयोगशाळा सहायक, तेही तात्पुरते. दर जूनमध्ये नवा अर्ज करायचा आणि दर जूनमध्ये ‘बघू’ ऐकायचं.

उंच, काटक माणूस. वालूरच्या पलीकडच्या एका वाडीतला. घरी मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन, आणि माय. बोलण्यात दर चौथं वाक्य मायचं. मशिनीपुढं बसताना ते चपला बाहेर काढायचे. आमचे हेडक्लार्क रंगनाथराव भाविक, त्यांना ह्याचं भारी कौतुक. मी एकदा विचारलं, “एवढी भक्ती?” तर म्हणाले, “भक्ती कशाची बाई, धूळ हाय.” काखेत कायम मशिनीबरोबर आलेलं जाडजूड इंग्रजी पुस्तक. ते त्यांनी इतक्या वेळा वाचलं होतं की मी त्याला तिसऱ्यांदा बाइंडिंग करून दिलं.

त्या मशिनीच्या पोटात काही साठवायची सोय नव्हती. जे काय असेल ते फ्लॉपीवर. काळ्या चौकोनी पाकिटात बंद केलेली पातळ तबकडी, आणि पाकिटाला एक लांबट खिडकी, तिच्यातून तपकिरी तबकडी जरा दिसायची. चुकून पुसलेलं परत आणायचं, हरवलेलं शोधायचं, जागा पुरावी म्हणून मजकूर दाबून बसवायचा, व्हायरस शिरलाय का बघायचं, अशा बारीकसारीक कामांचे प्रोग्रॅम शहरात विकत मिळायचे. त्यांच्या किमती ऐकून प्राचार्यांनी पाणी मागितलं. मुंजाभाऊ म्हणाले, “सर, चार महिने द्या.” आणि खरंच, त्या जाड पुस्तकाच्या जोरावर त्यांनी एकेक प्रोग्रॅम घरचा केला. नावंही घरचीच. शोधणारा तो ‘हुडक’. मजकूर दाबून बसवणारा तो ‘घडी’. व्हायरसवर नजर ठेवणारा ‘राखण’. आणि पुसलेलं, बिघडलेलं खणून काढणारा ‘उकर’. हा उकर मोठा चिकट. एखादी जागा वाचता आली नाही की पडद्यावर इंग्रजी अक्षरांत विचारायचा, ‘आणखी उकरू का?’ आणि हो म्हटलं की पुन्हा भिडायचा.

औरंगाबादहून एकदा एक विक्रेता आला. टाय, गुळगुळीत डबा, डब्यात चार फ्लॉप्या. त्यानं पुसलेली फाइल परत आणून दाखवली. मुंजाभाऊंनी मन लावून बघितलं, तोंडभर वाखाणलं. मग विचारलं, “हे घेतलं तर शेजारच्या कॉलेजाला देता येतं का?”

“छे! एका मशिनीला एक. कायद्यानं गुन्हा आहे.”

“मंग हे दही हाय साहेब. चांगलं हाय, पर इरजण न्हाई.”

तो गेल्यावर आमचे एक प्राध्यापक हळूच म्हणाले, “अहो, त्याचा डबा तासभर इथंच होता. कॉपी मारून घ्यायची होती की!” मुंजाभाऊंचा चेहरा असा झाला की विचारू नका. “सर, दुसऱ्याच्या रानातली कणसं मोडून वाटली तर ते वाटणं न्हवं. मला वाटायचंच आसंल तर मी माझ्या रानात पेरीन.” एवढं बोलून ते पुन्हा पुस्तकात शिरले.

इरजण देण्याच्या त्यांच्या दोन अटी होत्या. पहिली, घेणाऱ्यानं पुढं दोघांना द्यायचं. दुसरी ऐकून तर मी कपाळाला हात लावला होता. दिवे लागल्यावर कॉपी करून देणार नाहीत! कारण माय दिवे लागल्यावर इरजण देत नाही. “अहो, तुम्ही विज्ञानाचे पदवीधर ना?” म्हटलं तर हसायचे. “व्हय की. पर मायला इचारलं तर काय सांगू?” त्यांचा त्यावर विश्वास होता की ती नुसती गंमत होती, ते मला कधीच कळलं नाही.

मलाही त्यांनी एक फ्लॉपी दिली. मी घेतली. दोघांना द्यायचं मात्र राहिलं. राहिलं म्हणजे काय, खरं सांगायचं तर मी दिलं नाही. स्टँडसमोर विमलबाईंचा टायपिंग क्लास होता, तिथं नवा संगणक आला होता. त्या स्वतः मागायला आल्या. पण विमलबाईंनी माझ्या वाचनालयातून नेलेलं एक पुस्तक दोन वर्षं परत केलं नव्हतं. ग्रंथपालाला असली माणसं किती प्रिय असतात ते सांगायला नको. मी म्हटलं, “बघू.” पुढं पुस्तकांच्या यादीला फ्लॉपी कमी पडली तेव्हा मी इरजण पुसून तिच्यावर यादी घातली, आणि वर पांढरी पट्टी चिकटवून मोकळी झाले.

भूगोलाच्या शकुंतला मॅडम हा आमच्या कॉलेजातला कष्टाळू जीव. चाळीस गावांतल्या चाळीस विहिरींचं पाणी किती खाली जातं, किती वर येतं, ह्यावर त्यांचा प्रबंध. चार वर्षं दर पंधरवड्याला एसटीनं, बैलगाडीनं, पायी जाऊन, दोरी सोडून मोजलेले आकडे. सासरच्यांचं म्हणणं, नोकरी आहे तेवढी बास. मूळ वह्या त्यांनी सासरी माळ्यावर ठेवल्या होत्या, त्यांचा उधईनं, म्हणजे वाळवीनं, भुगा केला. पण आकडे तोवर मुंजाभाऊंनी फ्लॉपीवर चढवलेले होते, एक मूळ आणि एक नक्कल, दोन्ही मशिनीशेजारच्या एकाच डबीत. दिवाळीच्या आत प्रबंध विद्यापीठात टाकायचा होता. मुदत तीनदा वाढवून मिळाली होती. चौथ्यांदा मिळणार नाही, असं विद्यापीठानं लेखी कळवलं होतं.

आणि मग खंडेनवमी आली.

आदल्या दिवशी रंगनाथराव मशिनीपाशी येऊन उभे राहिले. “मुंजाभाऊ, येवढ्या मशिनीत जीव कुठं आसतो हो?”

मुंजाभाऊंनी फ्लॉपी उचलली, खिडकीवर बोट नेलं. “जीव हितं आसतो, ह्या खिडकीत. बाकी सगळं पत्र्याचं खोकं.”

मी तिथंच होते. आम्ही तिघंही हसलो. दुसऱ्या दिवशी सुट्टी. मुंजाभाऊ वाडीवर मायकडं गेले. किल्ली रंगनाथरावांकडं. त्यांनी आंघोळ करून, सोवळ्यानं येऊन, कॉलेजातल्या यच्चयावत यंत्रांची पूजा केली. टाइपरायटर, पाण्याची मोटार, प्रयोगशाळेतले तराजू. संगणकाला झेंडूची माळ घातली. मग डबीतल्या सगळ्या फ्लॉप्या पुढं ओळीनं मांडल्या आणि प्रत्येकीच्या खिडकीत, बरोब्बर जिथं जीव असतो तिथं, ओलं हळदकुंकू लावलं, वर अक्षता. आणि धूळ बसू नये म्हणून ओल्याच पुन्हा डबीत ठेवल्या.

दसरा उलटल्यावर डबी उघडली तेव्हा मी, मुंजाभाऊ आणि शकुंतला मॅडम होतो. कुंकू तबकड्यांवर वाळून चिकटलं होतं, आकड्यांची एकही फ्लॉपी मशीन वाचेना. मॅडम रडल्या नाहीत. खाली बसल्या आणि म्हणाल्या, “चाळीस विहिरी बुजल्या, मुंजाभाऊ.” मला त्यांच्याकडं बघवेना.

रंगनाथरावांचा चेहरा तर पांढराफटक. हात जोडून म्हणाले, “आवो, तुमीच म्हणला ना, जीव हितं आसतो!”

“मीच म्हणलो,” मुंजाभाऊ म्हणाले. “तुमची चूक न्हाई रंगनाथराव. चूक माझी. दोन्ही लेकरं मी एकाच बाजेवर निजवली.”

प्राचार्य मात्र घुश्शात होते. “तो औरंगाबादचा डबा घेतला असता तर ही वेळ आली नसती. आता मागवला तर दिवाळीनंतर येईल. मुंजाजी, ह्याचा जाब तुम्हाला द्यावा लागेल.”

“देतो सर. आधी इहिरी काढू द्या.”

एवढंच बोलून मुंजाभाऊ उठले. त्यांनी रसायनशास्त्राच्या खोलीतून डिस्टिल्ड वॉटर आणलं, परातीत ओतलं. ब्लेडनं फ्लॉपीच्या पाकिटाची कड उसवली आणि आतली तबकडी अलगद बाहेर काढली. कागदाहून जरा जाड, लुळी. नुकत्या जन्मलेल्या कोकराला धुवावं तसं बोटाच्या टोकानं त्यांनी तिला धुतलं. परातीतलं पाणी केशरी झालं. माझ्या जुन्या मलमलच्या ओढणीवर ती सावलीत वाळवली आणि एक कोरी फ्लॉपी उसवून तिच्या पाकिटात घातली. मशिनीनं ती घेतली, थोडं वाचलं, आणि अडली. डाग गेला होता, पण जागोजाग ओरखडे राहिले होते. दुसरी, नकलेची, तिचीही तीच गत.

“उकर पायजे,” मुंजाभाऊ म्हणाले. “दोन्हीतून थोडं थोडं खणून काढीन.”

पण उकर कुठं होता? इरजणाची मूळ फ्लॉपी त्याच डबीत, तिलाही कुंकू. ती धुतली, पण आकड्यांच्या तक्त्याला एखादं भोक पडलं तर बाकीचा तक्ता कामाचा राहतो. प्रोग्रॅमला भोक पडलं की तो चालतच नाही. नव्यानं लिहायचा तर महिना लागणार, आणि दिवाळीला उरले होते अठरा दिवस.

सेलूत इरजण घेतलेली मी एकटीच. त्यांनी माझ्याकडं बघितलं. “बाई, तुमच्याकडची हाय ना?”

काय सांगू! जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही. “परभणीच्या माझ्या बहिणीच्या ऑफिसात दिली हो. ती परत आलीच नाही.”

“आसू द्या,” ते म्हणाले. “दिली ना, मंग झालं.”

त्यांच्या मनात येलदरीचं नाव होतं. धरणाच्या वसाहतीतल्या एका ऑफिसात त्यांचे कॉलेजातले मित्र सलीमभाई मशिनीवर होते, त्यांना इरजण दिलेलं होतं. फोन लागेना. दुसऱ्या दिवशी दुपारी ते, शकुंतला मॅडम आणि मी, तिघं निघालो. माझं तिथं काही काम नव्हतं, पण घरी बसवेना. देवगाव फाट्याला जिंतूरची गाडी दीड तास आली नाही. मॅडम रस्त्याकडं बघत बसलेल्या, आणि मुंजाभाऊ त्यांना विचारतायत, कुठल्या विहिरीला किती परस खोल पाणी होतं, आठवतंय तेवढं सांगा. मॅडम सांगत होत्या, ते लिहून घेत होते. “काय करायलात हे?” मी विचारलं. “उकरलं की ताडून बघाया लागंल ना, खरं आलं का खोटं.” उकर मिळणारच, ह्यात त्या माणसाला शंकाच नव्हती.

येलदरीला पोचलो तेव्हा वसाहतीतले दिवे लागत होते. वीज जिथं तयार होते तिथं दिवे जरा लवकरच लागतात की काय, देव जाणे. ऑफिसात सलीमभाई नव्हते. त्यांची बदली होऊन सहा महिने झाले होते, कुठं गेले ते नीट कुणाला सांगता येईना. त्यांच्या जागी भगवानराव नावाचे झुपकेदार मिशांचे गृहस्थ कुलूप लावायच्या तयारीत होते.

मुंजाभाऊंनी आपलं नाव सांगितलं नाही. नुसतं म्हणाले, “आमी सेलूहून आलोत. इरजण नावाची फ्लॉपी हाय का तुमच्याकडं?”

“हाय की!” भगवानरावांनी कुलूप खिशात टाकलं. “लय कामाची चीज. पर आता दिवे लागले. दिवे लागल्यावर देत न्हाईत.”

मी तोंडात पदर घातला. शकुंतला मॅडमना मात्र हसू येण्याची शुद्ध नव्हती. त्या पुढं झाल्या आणि चाळीस विहिरींची सगळी कहाणी एका दमात सांगून मोकळ्या झाल्या.

भगवानरावांनी ऐकून घेतलं. “नड हाय म्हणल्यावर काय बोलायचं. देतो. पर अट माहीत हाय ना? पुढं दोघांला द्यायचं. मी परवाच जिंतूरला दोघांला दिली.”

“देतो,” मुंजाभाऊ म्हणाले.

“तसं सगळेच म्हणत्यात. द्यायचं बरं का!”

मला राहवेना. मी विचारलं, “कुणी केली हो ही, माहीत आहे का?”

“आता इरजण पैल्यांदा कुणी लावलं, हे कुणी सांगावं बाई? येत आलं, आमी पुढं दिलं.”

मी बोलणारच होते, की ज्यानं केली तो हा तुमच्यापुढं उभा आहे. मुंजाभाऊंनी माझ्याकडं नुसतं बघितलं, आणि मी गप्प बसले. त्यांनी फ्लॉपी दोन्ही हातांनी घेतली. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, “दिवे लागल्यावर घेतलं, मायला सांगू नका.” त्यांचे डोळे भरले होते आणि ते लपवायचा त्यांनी काही प्रयत्न केला नाही.

रात्र जिंतूरला मॅडमच्या मावशीकडं काढून सकाळी सेलूला परतलो. दुपारभर उकर चालला. आणखी उकरू का, हो, आणखी उकरू का, हो. एकेका गावाचं नाव पडद्यावर यायचं आणि मॅडम मोठ्यानं म्हणायच्या, “आलं!” रंगनाथराव दारात उभे राहून बोटांवर मोजत होते. अडतीस विहिरी पुऱ्या आल्या. दोन अर्ध्या राहिल्या, तसं मॅडमनी प्रबंधात सरळ लिहून टाकलं. प्राचार्य आले, बघून गेले. जाबाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

प्रबंधाचं पहिलं पान काढताना विद्यापीठाच्या नावावर गाडी अडली. आज हे नाव, उद्या नामांतर झालं तर? मुंजाभाऊ म्हणाले, “छापा मॅडम. बदललं की मी बदलून देईन. मशिनीला नाव बदलायला एक ओळ लागती. माणसांलाच पंधरा वरसं लागायलीत.” पुढं जानेवारीत नामांतर झालं, तेव्हा वाचनालयात पेढे त्यांनीच वाटले.

त्या जूनमध्ये त्यांनी अर्ज केला नाही. औरंगाबादच्या एका कारखान्यात कायमची नोकरी लागली होती. सोडायला स्टँडवर मी एकटीच गेले. पत्र्याची पेटी, मायनं दिलेलं गाठोडं, आणि काखेत ते पुस्तक. कॉलेजाच्या मालकीचं. परत मागायची माझी हिंमत झाली नाही, आणि ग्रंथपालाच्या तोंडून हे येतंय म्हणजे काय ते समजा.

गाडी सुरू झाली तसं त्यांनी खिडकीतून एक पाकीट माझ्या हातात दिलं. आत दोन फ्लॉप्या. दोन्हींवर निळ्या शाईत इरजण.

“ह्या दोन कशापायी?” मीही त्यांच्यासारखंच बोलून गेले.

“एक तुमची. दुसरी तुमच्या बहिणीची. परत आली न्हाई म्हणला होता ना.”

त्यांच्या तोंडावर हसू होतं, टोचणारं नव्हतं. गाडी वळली, हात हलला, आणि दिसेनासा झाला. मी तिथंच उभी. माझ्या पुस्तकांच्या यादीची ती फ्लॉपी रोज त्यांच्या डोळ्यांसमोर असायची. पांढऱ्या पट्टीखालून निळी शाई दिसत होती, हे मला तेव्हा कळलं. आणि सगळेच माझ्यासारखे निघाले असते तर मॅडमच्या विहिरींचं काय झालं असतं, तेही कळलं. मला तर बहीणच नाही. ह्या गावात ते कुणाला माहीत नव्हतं?

घड्याळात पाच वाजले होते. दिवे लागायला अजून बराच वेळ होता. मी रस्ता ओलांडला आणि टायपिंग क्लासचा जिना चढले. विमलबाई दारात येऊन बघतच राहिल्या.

“हे घ्या,” मी म्हटलं. “इरजण आहे. पुढं दोघांना द्यायचं.”

पुस्तकाचं मी नाव काढलं नाही.